'केमिकल फ्री' क्रीमने लेकीचा चेहरा बिघडला, आता घरचं उटणं लावू का?

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण जीव अगदी टांगणीला लागलाय. लेक १५ वर्षांची, दहावीला आहे. गेल्या वर्षीपासून कपाळावर आणि गालांवर पिंपल्स यायला लागले, वयच आहे म्हणून मी फार मनावर घेतलं नाही पण तिने घेतलं. आधी कुठल्यातरी रीलमध्ये बघून लिंबू आणि हळद चोळली, त्याने आग आग झाली. मग जूनमध्ये आमच्या इथे सिंहगड रोडला एक प्रदर्शन भरलं होतं, तिथे एका स्टॉलवर एक बाई 'शंभर टक्के हर्बल, केमिकल फ्री' म्हणून क्रीम विकत होत्या. इतक्या आपुलकीने बोलल्या की मला वाटलं बाजारातल्या ब्रँडपेक्षा हे घरगुती बरं, आणि ३५० रुपयांना एक डबी घेतली.

खरं सांगते, दहा दिवसांत पोरीचा चेहरा काचेसारखा झाला. एक डाग नाही, रंग उजळ. शाळेत मैत्रिणी विचारायला लागल्या. मी अजून दोन डब्या मागवल्या, एक तिच्यासाठी आणि एक माझ्या बहिणीला. ऑगस्टच्या शेवटी आमची डबी संपली, त्या बाईंचा फोन लागेना, आणि चार दिवसांत चेहरा लालबुंद. उन्हात गेली की भाजल्यासारखं होतं म्हणते, बारीक बारीक पुळ्या आल्यात, गालावरची लव पण वाढल्यासारखी दिसतेय. काल रिकामी डबी हातात घेऊन नीट बघितली तर वर नुसतं एक गुलाबी स्टिकर, त्यावर कोरफडीचं चित्र. आत काय आहे, कुणी बनवली, कधी बनवली, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. घेताना एकदा उलटून बघितली असती तर, हे सारखं मनात येतंय.

सासूबाई म्हणतात हे सगळं फेकून दे आणि आपलं उटणं लाव, आमच्या वेळी कुणाला असले त्रास नव्हते. दिवाळी महिन्यावर आलीच आहे. तर उटणं रोज चेहऱ्याला चालेल का, घरी करायचं तर प्रमाण काय, आणि नैसर्गिक म्हणून जे विकतात त्यातलं खरं कुठलं हे ओळखायचं कसं? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

अजिंठा७२

ताई, उटण्याचं नंतर बघू. आधी ती रिकामी डबी फेकू नका, झाकण लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि उद्याच्या उद्या लेकीला घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा, डबी सोबत न्या. मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि तुम्ही जे लिहिलंय (दहा दिवसांत चकाचक, बंद केल्यावर लाली, जळजळ, पुळ्या, लव) अगदी हेच वर्णन घेऊन महिन्याला दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात. डबी न तपासता मी ठाम काही म्हणणार नाही, पण पहिला संशय स्टिरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही औषधं डॉक्टरच्या हातात फार कामाची आहेत, पण चेहऱ्याला आठवडेच्या आठवडे लावली की कातडी पातळ होते आणि थांबवली की सगळं उसळून वर येतं. २०१८ मध्ये असली मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कुणी तेच मलम साध्या क्रीममध्ये घोटून कोरफडीच्या चित्राच्या डबीत भरलं तर गिऱ्हाइकाला कळणार कसं?

दुसरा संशय पाऱ्याचा, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्या बिघडल्या होत्या, २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं. मुंबईत केईएमला तपासणी झाली आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन (कातडीला रंग देणारा घटक) तयार होण्यात आडवा येतो म्हणून रंग उजळतो, पण कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. आपल्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे डोळ्यांच्या मेकअपला वेगळी मर्यादा आहे, ते सोडून बाकी वस्तूंत चुकून आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर चालत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून लघवीची साधी तपासणी करून घ्या. पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज आहे का, लघवीला फेस येतो का, हेही बघा. आणि बहिणीला आत्ताच्या आत्ता फोन करा, त्यांची डबी अजून चालू असेल. ती भरलेली डबी तर जास्त कामाची, तपासायला माल मिळेल.

तोवर चेहऱ्याला काहीही नको. हळद नको, बेसन नको, कोरफड नको, बर्फही घासू नका. साधं पाणी आणि डॉक्टर सांगतील ते.

माजघर

अजिंठा दादांनी म्हटलंय ते आधी करा. माझं लिहिणं नंतरसाठी आहे.

आमचं माहेर चिपळूणजवळ. आजी दसरा झाला की उटण्याला लागायची आणि ते मी इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटून सांगू शकते. मसूर डाळ पाव किलो, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद प्रत्येकी ५० ग्रॅम, गव्हला आणि कचोरा २५-२५, सावलीत वाळवलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या दोन मुठी. बस. हे सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, पुण्यात मंडईच्या बाजूला मिळेल, फक्त अख्खं घ्यायचं, पावडर घ्यायची नाही. अख्खा वाळा म्हणजे मुळं, ती हातात घेऊन थोडी ओली केली की लगेच मातीवर पहिला पाऊस पडल्यासारखा वास येतो, नागरमोथ्याची गाठ फोडली की आत फिकट तांबूस दिसते आणि वास येतो. पावडरीत काय आहे हे देवालाच माहीत. चंदन तर पावडरीचं घेऊच नका, खरं चंदन इतकं महाग असताना ५० रुपयांच्या पुडीत ते कुठून येणार? सुगंध मारलेला भुसा असतो. घरात खोड आणि सहाण असेल तर आंघोळीच्या वेळी दोन वेढे उगाळून मिसळा.

वाळा आधी कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापायचा, नाहीतर मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो. नागरमोथा खलबत्त्यात फोडून घ्यायचा. दोन दिवस कडक ऊन दाखवायचं (गुलाब सोडून), मग वेगवेगळं दळायचं आणि मग वस्त्रगाळ करायचं. चाळणीने नाही हां, मलमलचं जुनं धोतर पातेल्यावर बांधून त्यातून. आजी चिमूट घेऊन आपल्या पापणीवर घासून बघायची, टोचलं तर परत दळ. उरलेला चोथा पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या कपाटात जायचा.

पण मला जे मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. उटणं एकटं लावायची वस्तूच नाही. आधी कोमट तिळाचं तेल, तेही चांगलं अर्धा तास जिरवून, आणि मग ते तेल काढायला उटणं. डाळीचं पीठ तेल ओढून घेतं, साबणासारखं सगळं ओरबाडून नेत नाही. आता लोक काय करतात, तेल गाळतात आणि कोरड्या अंगावर नुसतं उटणं खसाखसा घासतात, वर साबणही लावतात, आणि मग म्हणतात अंग फुटलं. आमच्याकडे अंगाला लावायचं ते दिवाळीच्या चार दिवसांत आणि बाळंतिणीला, बाळाला. रोज चेहऱ्याला कुणी लावत नव्हतं. सासूबाईंना विचारून बघा, त्यांनाही आठवेल. आणि पिंपल्सवर कुठलीच खरखरीत वस्तू चोळायची नाही, फुटून डाग राहतात.

एक अजून. काही याद्यांमध्ये बावची असते, ती घालू नका. बावचीत सोरालेन असतं, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. वैद्य कोडावर देतात ती ह्याच गुणामुळे, मोजून मापून.

गंधार_सांगली

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. एका भामट्या क्रीमवरून सगळं घरगुती वाईट असं होऊ नये. आमच्या घरी हळदीचाच व्यवहार, लहानपणापासून जखमेला हळद, लग्नात हळद, आजोबा ८८ वर्षांचे होऊन गेले, कातडी तुकतुकीत. डॉक्टरकडे गेलं की हजार-दीड हजाराच्या ट्यूबा लिहून देतात, त्यातही केमिकलच ना? हळदीने त्रास झाला तर दोष हळदीचा नसतो, भेसळीचा असतो. दळलेल्या हळदीत मेटॅनिल यलो नावाचा कृत्रिम रंग सापडतो, हळकुंडांना चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळतात काही ठिकाणी, म्हणजे शिसं. म्हणून हळकुंड आणा, फडक्याने ओलं पुसून बघा रंग सुटतो का, आणि घरी दळा. एवढं केलं की निर्धास्त वापरा.

अजिंठा७२

गंधारभाऊ, भेसळीचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के पटलं, आमच्या घरी पण हळकुंडंच येतात. पण शुद्ध वस्तूनेही त्रास होतो, ते या मुलीच्या लिंबाच्या बाबतीत बघा ना. लिंबू झाडावरून तोडलेलं, काही भेसळ नाही. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी वस्तू आंबट) २ ते अडीच, आपल्या कातडीचा साधारण ५ च्या आसपास, आणि ह्या मापात प्रत्येक आकडा दहापट असतो, म्हणजे कातडीपेक्षा कित्येक शेकडा पट आंबट वस्तू आपण सोललेल्या पिंपलवर ठेवतो. खायचा सोडा उलट बाजूला, ८ च्या वर. कोरफडीचं पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो न काढता गर लावला तरी खाज सुटते, पान उभं ठेवून चीक निथळू द्यावा लागतो हे जुन्या बायकांना माहीत होतं, रीलवाल्यांना नाही. मेंदीचंही तेच, खरी मेंदी केशरी-तांबडी रंगते, तासाभरात काळी होणाऱ्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचं केस काळे करायच्या डायमधलं रसायन असतं, लग्नसराईत हातावर फोड घेऊन नवऱ्या मुली येतात माझ्याकडे. वस्तू झाडाची आहे का हे विचारण्याआधी ती किती, कशावर आणि किती वेळ, हे विचारा.

रानजाई

मी कोल्हापूरजवळ घरी साबण आणि लिप बाम बनवून विकते, सहा वर्षं झाली. हा धागा वाचून फार त्रास झाला कारण असल्या डब्यांमुळे नीट काम करणाऱ्या बायका पण बदनाम होतात. म्हणून ओळखायचं कसं ते माझ्या बाजूने सांगते.

कुठलंही कॉस्मेटिक बनवून विकायचं असेल, अगदी स्वयंपाकघरात केलेला साबण असला तरी, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं. ते काढायला मला दीड वर्ष लागलं, वेगळी खोली केली, माल तपासणारा माणूस दाखवला. म्हणून डबीवर एम.एल. नंबर (म्हणजे त्या लायसन्सचा नंबर), बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. ह्यातलं एक जरी नसलं तर कितीही गोड बोलणारी बाई असो, डबी खाली ठेवा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर त्याचं लायसन्स वेगळं, आयुषचं, पण नंबर तिथेही हवाच. 'जैविक भारत'चं चिन्ह खाण्याच्या मालासाठी असतं, ते क्रीमवर दिसलं म्हणून भुलू नका.

आणि 'केमिकल फ्री' हा शब्द जो वापरतो तिथे मी लगेच सावध होते. साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होतच नाही, खोबरेल आणि कॉस्टिक मिळून साबण तयार होतो, मग चार ते सहा आठवडे वडी फळीवर मुरवायची, तयार साबणात कॉस्टिक शिल्लक राहत नाही. पण माझ्या साबणाचाही पीएच ९-१० असतो आणि मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते की पिंपल्सच्या चेहऱ्यासाठी नाही, अंगासाठी घ्या. क्रीमचं तर अजून वेगळं, क्रीममध्ये पाणी असतं आणि पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले. उटणं कोरडं म्हणून वर्षभर टिकतं, क्रीम प्रिझर्वेटिव्हशिवाय उघड्यावर आठवडाभरही धड राहत नाही. कुणी म्हणालं आमची क्रीम प्रिझर्वेटिव्हशिवाय दोन वर्षं टिकते तर एकतर ती खोटं बोलतेय किंवा तिलाच माहीत नाही आत काय आहे. मी एकदा सुरुवातीला कोरफडीचा लोशन हौसेने प्रिझर्वेटिव्हशिवाय केला होता, आठव्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी राखाडी ठिपके. सगळी बॅच ओतून दिली, ४० बाटल्या. तेव्हापासून पाण्याची वस्तू मी बनवतच नाही, फक्त साबण, तेल आणि बाम.

म्हापसेकर

रानजाईताईंनी बामचा विषय काढला म्हणून. थंडीत ओठ, टाचा फुटल्या की आमच्या गोव्यात भिरंडेल लावतात, तुमच्या कोकणात त्याला मुठेल म्हणतात. कोकमाच्या बियांचं तेल. माझी आई मे महिन्यात सोलं करून झाली की बिया धुवून सुकवायची, मग पावसाच्या आधी कुटून पाण्यात उकळायची, वर जो तवंग येतो तो काढून गार होता होता मुठीत दाबून गोळे वळायचे, बोटांचे वळ तसेच उमटलेले असतात त्यावर. दगडासारखा कडक गोळा, पण अंगाच्या उबेने हळूहळू विरघळतो. दिव्यावर जरा धरायचा आणि टाचेच्या भेगेत सोडायचा. पाणी नसल्याने खराब होत नाही, वास जवळजवळ नाहीच. त्या मुलीच्या चेहऱ्यासाठी नाही सांगत, घरात एक गोळा असावा म्हणून सांगतो. बाजारात घेताना पांढराशुभ्र आणि मेणासारखा गुळगुळीत असेल तर विचारून घ्या, घरचा गोळा पिवळट-करडा असतो.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. माजघर, तुमचं तेलाचं वाचून मला माझ्या गेल्या हिवाळ्याचं उत्तर मिळालं. आईने पाठवलेलं उटणं मी साबणाऐवजी रोज वापरत होते, नैसर्गिक आहे म्हणून, आणि इथे घरात सहा महिने हीटर चालू, हवा कोरडी ठाक, जानेवारीत पोटऱ्यांना अक्षरशः चिरा पडल्या. तेल मी कधी लावलंच नव्हतं कारण ऑफिसला जायची घाई. आता आंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगावरच तिळाच्या तेलाचे चार थेंब चोळते आणि उटणं फक्त दिवाळीला.

खिडकीतली_तुळस

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सतरा दिवस झाले, माफ करा. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डबी बघितल्यावर त्यांनी दुसरं काही विचारायच्या आधी 'कितवी डबी?' एवढंच विचारलं. लक्षणांवरून स्टिरॉइडचंच वाटतंय म्हणाल्या. कातडी सावरायला काही महिने जातील, मधेच परत उसळेल, तेव्हा घाबरून ती क्रीम पुन्हा शोधायला जायचं नाही, हे लेकीलाच समोर बसवून सांगितलं. आता फक्त सौम्य क्लिन्झर, वास नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि एक गोळी. लघवीची तपासणी तिची आणि बहिणीची दोघींची नॉर्मल आली. तो रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बहिणीची अर्धी भरलेली डबी लेखी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात दिली आहे, पावती घेतली आहे.

लाली निम्म्याने उतरलीये. शाळेत स्कार्फ बांधून जाते अजून. परवा रात्री अभ्यास करता करता म्हणाली, आई मला पूर्वीचे पिंपल्सच परत दे. काय बोलणार, जवळ घेतलं.

सासूबाईंना माजघर ताईंचं सगळं वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, हो गं, चेहऱ्याला आई नुसतं दूध लावून पुसायची, उटणं अंगालाच होतं. रविवारी दोघी मंडईत जाऊन अख्खं सामान आणलं. वाळा कात्रीने कापायचं काम लेकीने मागून घेतलंय, हाताला वास येतो तो तिला आवडतो. तर आता विचारायचं होतं की डॉक्टर अंगाला लावायला हो म्हणाल्यात, फक्त मानेच्या वर नको म्हणाल्या, मग तिच्यासाठी प्रमाणात काही बदल करू का?

माजघर

रिपोर्ट चांगले आले, वाचून फार बरं वाटलं. तिच्या वाटणीचं वेगळं काढ आणि त्यात आंबेहळद घालू नकोस, गुलाबही यंदा नको. नुसती मसूर डाळ, वाळा आणि नागरमोथा, दोनदा वस्त्रगाळ. आधी चमचाभर कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावून धू, दोन दिवस बघ, काही नाही झालं तर नरकचतुर्दशीला पाठीला आणि हातापायांना, तेल जिरल्यावर. चेहरा तिचा तिला धुऊ दे, तेलाचा हात लागू देऊ नकोस. आणि धुताना पाणी वरून डोक्यावर घेऊ नका, ते चेहऱ्यावर ओघळतं, मानेखालून तांब्याने घ्या.